सहाशे साचे आणि दुसरे कारण : देवनागरी मुद्राक्षराच्या इतिहासाचा पुनर्विचार

१

ग्राफिक डिझाइन या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या कलेचा इतिहास सामान्यतः भित्तिपत्रके, जाहिराती, मुखपृष्ठे आणि त्यांचे नामवंत कर्ते यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. पाश्चात्त्य देशांच्या बाबतीत ही पद्धती बरीचशी चालून जाते. रोमन अक्षराचे छापील रूप तेथे पंधराव्या-सोळाव्या शतकांतच स्थिरावले होते. त्यामुळे पुढील काळातील कलावंताला अक्षर हे सिद्ध साहित्य म्हणून हाती मिळाले आणि त्याची मांडणी कशी करावी हाच मुख्य प्रश्न त्याच्यापुढे उरला. देवनागरीची स्थिती निराळी आहे. येथे अक्षर छापावे कसे, त्याचे तुकडे किती करावेत, कोणते रूप ग्राह्य मानावे आणि हे सारे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ खुले राहिले. म्हणून मराठी मुद्रणातील दृश्यरचनेचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ मुखपृष्ठापासून न करता खिळ्यापासून करणे भाग आहे.

या प्रश्नांची एक फार जुनी आणि अत्यंत स्पष्ट नोंद गोव्यातील जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स यांच्या पत्रात सापडते. मलबारात जशी तेथील भाषेत व लिपीत पुस्तके छापली गेली तशी या प्रांताच्याही भाषेत व लिपीत छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी १६०८ मध्ये रोम येथील संघप्रमुखांना कळविले आणि ती सफल न होण्याची दोन कारणे दिली. पहिले कारण असे की, युरोपातील चोवीस वर्णांप्रमाणे येथील चिन्हे सुट्या वर्णांची नसून संपूर्ण अक्षरांची असल्यामुळे सुमारे सहाशे साचे करावे लागतील, आणि ते अशक्यप्राय दिसते. दुसरे कारण असे की, प्रांताच्या वरिष्ठांची आज्ञा आणि साहाय्य यांवाचून हे कार्य सिद्धीस जाणार नाही. आठ वर्षांनी, १६१६ मध्ये, स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापून झाले. ते ओवीबद्ध मराठीत होते, पण रोमन लिपीत. पुढील १६४९ आणि १६५४ या वर्षांच्या आवृत्त्यांतही लिपी बदलली नाही.

स्टीफन्स यांच्या दोन कारणांपैकी पहिले पुढील इतिहासकारांना आणि लिपिसुधारकांना फार जवळचे वाटले. सहाशे विरुद्ध चोवीस या संख्येत एक प्रकारची गणिती निर्विवादता आहे. देवनागरी छपाईला अवघड आहे, कारण तिच्यात चिन्हे फार आहेत, हे विधान विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ सिद्धान्ताप्रमाणे उच्चारले जात होते. दुसऱ्या कारणाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. वस्तुतः देवनागरी मुद्राक्षराच्या इतिहासातील निर्णायक प्रसंग तपासले असता असे दिसते की, अडचण म्हणून प्रत्येक वेळी संख्या पुढे केली गेली, पण निकाल मात्र आज्ञा, आश्रय, भांडवल आणि श्रम यांनी लावला. पहिले कारण लिपीच्या स्वरूपाविषयी आहे, दुसरे समाजाच्या रचनेविषयी. या दोहोंचा संबंध नीट लावल्याखेरीज मराठी पानाचे आजचे रूप समजणे कठीण आहे.

२

पहिल्या कारणाची परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झाली. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली पंचानन कर्मकार या कारागिराने अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्याची विद्या आत्मसात केली होती. १७७८ मध्ये छापलेल्या हालहेड यांच्या बंगाली व्याकरणासाठी तयार झालेले खिळे हे या जोडीचे काम. पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेले आणि त्यांच्यामागून त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम चालविले. कर्मकार हे आडनावच धातूचे काम करणाऱ्या जातीचे द्योतक आहे. युरोपीय धर्मोपदेशकाला अशक्य वाटणारी संख्या एका लोहकाम करणाऱ्या घराण्याने दोन पिढ्यांत आटोक्यात आणली. अक्षरांची संख्या तेवढीच होती; बदलले ते एवढेच की, कसबी हात उपलब्ध झाले आणि त्यांना सतत काम पुरविणारी संस्था उभी राहिली.

याच श्रीरामपूरहून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत प्रसिद्ध झाले. परंतु १८१० मधील मराठी कोशासाठी तेथे मोडी खिळ्यांचा वापर झाला, आणि पुढील काही वर्षांत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश यांसारखी गद्य पुस्तकेही मोडीत छापली गेली. ही घटना वाटते त्याहून अधिक महत्त्वाची आहे. मोडी ही जलद लेखनाची, जोडून लिहावयाची लिपी असल्यामुळे ती मुद्रणास अयोग्य ठरली आणि म्हणून मागे पडली, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. मोडी खिळे प्रत्यक्ष ओतले गेले होते आणि त्यांनी ग्रंथ छापले गेले होते, हे लक्षात घेतले की या स्पष्टीकरणातील बरेचसे बळ ओसरते. मोडीचे मुद्रण गैरसोयीचे होते, हे मान्य करता येईल. ते अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

मग बालबोध लिपीची सरशी का झाली? पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात दोन लिपींचे दोन निराळे वाचकवर्ग होते. हिशेब, सनदा, पत्रव्यवहार आणि दफ्तर यांची लिपी मोडी. पोथ्या, शास्त्र आणि संस्कृत अध्ययन यांची लिपी बालबोध. कुलकर्णी आणि सावकार पहिलीत निष्णात असत, शास्त्री आणि पुराणिक दुसरीत. मुंबईत छापखाने उभे राहिले ते धर्मप्रसार आणि शालेय शिक्षण यांसाठी, आणि या दोन्ही कार्यांना बालबोध जवळची होती. हीच लिपी संस्कृतलाही चालत असल्याने एकाच संचात दोन भाषांचे काम भागे. छापखान्याने बालबोध स्वीकारली आणि मोडी हाताच्या लिखाणापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविली जात होती. त्यानंतर तेही थांबले.

या निर्णयाचा लाभ निश्चित झाला. एकच लिपी शिकून मूल वर्तमानपत्रही वाचू लागले आणि पोथीही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद आज सुशिक्षित मराठी माणसालाही वाचता येत नाहीत. स्वतःच्या आजोबांच्या खतावणीपुढे तो निरक्षर ठरतो. एखाद्या लिपीचे खिळे ओतत राहावयाचे की थांबवावयाचे, हा वरवर पाहता छापखान्याच्या सोयीचा निर्णय आहे. त्यातून एका समाजाचा आपल्याच कागदपत्रांशी असलेला संबंध तुटला, ही गोष्ट दृश्यरचनेच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

३

मुंबईतील पहिल्या पिढीच्या मुद्रकांनी संख्येच्या अडचणीला दोन वाटांनी उत्तर दिले. पहिली वाट शिळाछापाची. दगडावर हाताने लिहिलेले जसेच्या तसे उमटत असल्यामुळे या पद्धतीत खिळ्यांची संख्या हा प्रश्नच उद्भवत नाही. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून ही कला हस्तगत केली आणि १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. त्यांच्या उद्योगाचे वर्णन गोविंद नारायण माडगावकर यांच्या १८६३ मधील ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात आलेले आहे. शाईत चरबी असते या समजुतीमुळे छापील कागदास न शिवणारे लोक त्या काळी होते, आणि त्यांच्या समाधानासाठी तुपाची शाई वापरण्यापर्यंत मुद्रकांना जावे लागले. मुद्रणाचा स्वीकार ही केवळ यंत्र आणण्याची बाब नव्हती. कागद, शाई आणि शिवाशीव यांच्या जुन्या व्यवस्थेत तिला वाट काढावी लागली.

या तडजोडीची साक्ष छापील पोथीचे पान देते. आडवे, सुटे, न शिवलेले पान, भोवती रेघांची चौकट, समासात पत्रांक. यांतील एकही गोष्ट छपाईच्या यंत्राने मागितलेली नाही. बांधीव पुस्तक यंत्राला अधिक सोयीचे होते. तरीही मुद्रकाने हस्तलिखिताचा आकार कायम ठेवला, कारण पाटावर ठेवून, पान उलटून, बसून वाचण्याची वाचकाची रीत त्याने ओळखली होती. याच्या उलट टोकाला ‘दर्पण’चे पान आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी सुरू केलेल्या या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे मत कळावे आणि एतद्देशीयांना नवे ज्ञान मिळावे, हा दुहेरी हेतू त्या स्तंभरचनेतच दृश्यमान झाला होता. पोथी आणि ‘दर्पण’ ही एकाच शहरातील, जवळजवळ एकाच वर्षातील दोन पाने आहेत. एक मागच्या वाचकाला हाताशी धरते, दुसरे अद्याप घडावयाच्या वाचकाला हाक मारते. त्या काळच्या समाजातील द्वंद्व समजण्यासाठी या दोन पानांची तुलना कोणत्याही निबंधाइतकीच उपयुक्त आहे.

दुसरी वाट खिळ्यांचीच, पण सुबक खिळ्यांची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरांत बरीच सुधारणा केली. त्यांच्या हाताखाली जावजी दादाजी चौधरी हे लहान वयात कामास लागले. पुढे अन्यत्र अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांना राणोजी रावजी आरू या कसबी कारागिराची साथ मिळाली. ठसे कोरण्याचे मर्म आरू यांच्या हातात होते. १८८६ पासून निघू लागलेल्या काव्यमालेमुळे आणि अन्य संस्कृत ग्रंथांमुळे निर्णयसागरचे अक्षर भारताबाहेरील संस्कृतज्ञांच्याही परिचयाचे झाले. ज्या ग्रंथांचा अधिकार परंपरेने मोजक्या वर्णांपुरता मर्यादित होता, त्यांचे शुद्ध आणि देखणे पाठ त्या अधिकाराबाहेरील कष्टकरी कारागिरांच्या हातून तयार होऊन पंडितांच्या मांडीवर गेले. मुद्रणाच्या सामाजिक इतिहासात याहून बोलका प्रसंग क्वचितच सापडेल.

निर्णयसागरच्या अक्षराचे सौंदर्य सांगताना त्यामागील श्रमाचा विसर पडता कामा नये. देवनागरी ओळ ही रोमन ओळीसारखी एकपदरी नसते. मधल्या पदरात मूळ अक्षर, वरच्या पदरात मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खालच्या पदरात उकार आणि ऋकार. जुळाऱ्याला हे तिन्ही पदर सांभाळावे लागत. त्यात जोडाक्षरांची घरे निराळी, काही क्वचित लागणारी, पण लागली म्हणजे हवीच. शेकडो घरांच्या केसेस समोर आणि बाजूंना मांडून, कोणते अक्षर कोठे आहे हे न पाहता हाताने ओळखून, उलटे अक्षर सुलटे वाचत तो ओळ जुळवी. छपाई झाल्यावर तोच खिळा पुन्हा त्याच्या घरात परत टाकी. सहाशे साच्यांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने सोडविला तो असा, जुळाऱ्याच्या स्मरणशक्तीच्या आणि दृष्टीच्या बळावर. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर संपादकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, छापखान्याचेही असते; जुळाऱ्याचे नसते. ही अनुपस्थिती रूढ आहे म्हणून ती निरर्थक ठरत नाही.

४

विसाव्या शतकात यंत्र बदलले आणि त्याबरोबर प्रश्नाची भाषाही बदलली. ओळ एकसंध ओतणाऱ्या लायनोटाईप यंत्राला नव्वद कळांचा फलक असे. टंकलेखनयंत्राची क्षमताही साधारणतः तेवढ्याच चिन्हांची. स्टीफन्स यांच्या चोवीसची जागा आता नव्वदने घेतली. १९३३ च्या सुमारास हरी गोविंद गोविल यांनी न्यूयॉर्क येथे देवनागरी लायनोटाईप सिद्ध करून दाखविला. ही कामगिरी मोठी होती यात शंका नाही. तथापि तिच्यासाठी अक्षरांचे तुकडे करणे, उभी जोडाक्षरे आडवी मांडणे आणि कित्येक रूपे सोडून देणे आवश्यक ठरले. यंत्र परदेशी कारखान्यात रोमन लिपीसाठी घडले होते. त्यात देवनागरी बसवावयाची म्हणजे तिला त्याच्या मापाचे करणे हाच एक मार्ग त्या काळी दिसत होता.

लिपिसुधारणेची चळवळ या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. तिचे प्रवर्तक केवळ यंत्रदास होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये काशी येथे नागरी प्रचारिणी सभेपुढे देवनागरीचा समाईक लिपी म्हणून पुरस्कार केला, तो राष्ट्रैक्याच्या भूमिकेवरून. ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप त्यांनी केला, तो वर्तमानपत्र ठरल्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात निघावे म्हणून. सावरकरांनी रत्नागिरीच्या काळात ‘अ’च्या बाराखडीचा आग्रह धरला, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वरांना स्वतंत्र चिन्हे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावाव्यात, अशी ती योजना. काका कालेलकर यांनीही याच दिशेने प्रयत्न केले. साक्षरतेचा प्रसार, मुद्रणातील काटकसर आणि राष्ट्रीय एकरूपता या तिन्ही प्रेरणा येथे एकत्र आल्या होत्या, आणि त्या तिन्ही आदरणीय होत्या.

या चळवळीतील उणीव हेतूत नव्हती. ती गृहीतात होती. संख्या हा लिपीचा दोष आहे, हे गृहीत सर्वांनी न तपासता घेतले. एखादे यंत्र लिपीला अपुरे पडते असे म्हणण्याऐवजी लिपी यंत्राला अवजड पडते असे म्हटले गेले. वाचकाच्या डोळ्याला जोडाक्षरांचा खरोखर त्रास होतो काय, की त्यांच्या घट्ट आकृतीमुळे शब्द चटकन ओळखता येतो, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आलाच नाही. जुळाऱ्याचे कष्ट आणि मालकाचा खर्च मोजता येत होता. वाचकाची सवय मोजता येत नव्हती. जे मोजता येते तेच खरे, अशी समजूत येथे नकळत काम करीत होती.

वाचकाने आपले मत अखेर प्रत्यक्ष कृतीने नोंदविले. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने अन्य शिफारशींबरोबर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे आणावी, असे ठरविले. उच्चारात स्वर व्यंजनानंतर येतो, मग चिन्ह आधी का, हा तर्क त्यामागे होता, आणि यंत्रावर जुळणी करताना तो सोयीचाही होता. परंतु त्यामुळे ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीत केवळ उभ्या दांड्याच्या लांबीचा भेद उरला. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर एका तुटक्या रेघेवर आले. सरकारी अनुमोदन असूनही हा बदल रुजला नाही, आणि १९५७ मध्ये तो मागे घेण्यात आला. आज्ञा आणि साहाय्य ही स्टीफन्स यांची दोन्ही साधने येथे उपलब्ध होती. तरी कार्य सिद्धीस गेले नाही, कारण ज्याच्या डोळ्यांसाठी अक्षर घडते त्याची संमती नव्हती.

वाचक सर्वच बदलांना विन्मुख असतो, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. सावरकरांची ‘अि’ आणि ‘अु’ ही रूपे मराठीने सोडून दिली; पण ‘ॲ’ हे रूप, जे त्याच तत्त्वावर घडलेले आहे, तिने निःसंकोच स्वीकारले. इंग्रजीतून आलेल्या शब्दांतील स्वर दाखविण्यासाठी तिला चिन्ह हवे होते, आणि ‘अ’वर चंद्र देण्याची युक्ती ‘ओ’, ‘औ’ यांच्या घडणीशी जुळणारी होती. ‘इ’ आणि ‘उ’ यांना मात्र चिन्हे आधीच होती. त्यांच्या बदलीची गरज छापखान्याची होती, वाचकाची नव्हती. वाचकाची ही निवड लहरी म्हणता येणार नाही. जेथे बदलाने त्याला काही नवे दिले तेथे त्याने तो घेतला, जेथे केवळ त्याच्याकडून काही काढून घेतले तेथे तो नाकारला. मुंबई वळणाची ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ ही अक्षरे प्रमाण देवनागरीत आली आणि हिंदी प्रदेशातही रुळली, यावरूनही हेच दिसते की रूप स्पष्ट आणि वाचनीय असेल तर वाचक प्रादेशिक सवयही सोडतो.

येथे एक आक्षेप संभवतो. संख्येची अडचण काल्पनिक होती असे म्हणणे म्हणजे जुळाऱ्याच्या श्रमांकडे दुर्लक्ष करणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. धातूचे वजन, जुळणीचा वेळ, केसेसना लागणारी जागा या वास्तव गोष्टी होत्या, आणि दैनिक वर्तमानपत्राला त्या टाळता येत नव्हत्या. परंतु वास्तव अडचण आणि तिचे निदान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अडचण यंत्राच्या मर्यादेतून आली असे निदान केले असते तर उपाय यंत्रात शोधला गेला असता. निदान लिपीच्या माथी मारले गेल्यामुळे उपायही लिपीच्या अंगावरच करण्यात आले. त्यांतील काही खुणा अद्याप शिल्लक आहेत. ‘विद्या’ हा शब्द ‘विद्‌या’ असा पाय मोडून लिहिण्याची पद्धत शालेय पुस्तकांतूनही दिसू लागली, ती याच विचारसरणीची देणगी होय.

५

निदान चुकीचे होते याचा पुरावा पुढील यंत्रानेच दिला. संगणकावर अक्षराची ओळख आणि अक्षराचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात भारतीय प्रमाणसंकेताच्या धर्तीवर देवनागरीला १२८ जागांचा विभाग मिळाला. या जागा मूळ चिन्हांच्या आहेत. त्यांच्या संयोगातून किती आकार घडवावयाचे हे मुद्राक्षर घडविणाऱ्याच्या इच्छेवर राहते; सहाशे हवे असतील तर सहाशे, अधिक हवे असतील तर अधिक. जोडाक्षर बनविण्याचा नियम जुळाऱ्याच्या स्मरणातून निघून अक्षरसंचाच्या आज्ञावलीत गेला. स्टीफन्स यांना अशक्यप्राय वाटलेली संख्या आता कोणत्याही गणतीत धरली जात नाही. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

या संक्रमणात रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम केल्यानंतर त्यांनी मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत अध्यापन केले आणि भारतीय लिपींच्या अक्षररचनेचा पद्धतशीर विचार रुजविला. विंडोज २००० बरोबर आलेले ‘मंगल’ हे मुद्राक्षर त्यांनी रेखाटलेले. बोरूने अक्षर काढणाऱ्या कलावंताने संगणकासाठी अक्षर घडवावे, हा योग केवळ व्यक्तिगत नव्हता. आरू यांच्या काळात तुटलेली लेखणी आणि ठसा यांची सांगड त्यातून पुन्हा जुळली.

तथापि पहिले कारण निकालात निघाल्यामुळे दुसरे कारण अधिकच उघडे पडले आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात प्रत्येक अक्षरसंचाचा संकेत निराळा होता. त्या काळात जुळविलेला मराठी मजकूर तो विशिष्ट संच हाताशी नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. मोडी दफ्तराची जी गती झाली तीच अवघ्या काही वर्षांच्या जुन्या मजकुराची झाली, हे विसरून चालणार नाही. युनिकोडने हा गोंधळ पुष्कळसा मिटविला. पण रूपाचा प्रश्न राहिलाच. अनेक प्रचलित अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीत रुळलेली रूपे मूळ जागी असतात आणि मराठीतील रूपे पर्याय म्हणून मागे ठेवलेली असतात. भाषा मराठी असल्याचे यंत्राला स्पष्ट सांगितल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून या रूपांचा पुरस्कार केला. पण पडद्यावर आपोआप काय उमटते हे ठरविणारी सत्ता शासनाच्या परिपत्रकापेक्षा अधिक जवळ असते, आणि तिचे ठिकाण बहुधा महाराष्ट्राबाहेर असते.

हा केवळ वळणाचा आणि अभिमानाचा मुद्दा आहे असे कोणास वाटेल. म्हणून एक उदाहरण पुरे. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात गुरुजनांचा निर्देश आहे, दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्यांचा. दोहोंतील भेद केवळ रफार आणि ‘र’चे ते वळणदार अर्धे रूप यांच्यातून व्यक्त होतो. हिंदीला या भेदाची गरज नाही. म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडविलेल्या अक्षरसंचात हे रूप दुर्लक्षिले जाण्याचा धोका नेहमीच असतो. ते नसेल तर चूक वळणाची न राहता अर्थाची होते. सहाशे साचे करता येण्याजोगी साधने हाती असूनही त्यांतील हा एक साचा करावयाचा की नाही, हे ठरविताना मराठी वाचकाला कोणी विचारले पाहिजे, आणि विचारले नाही तर त्याने ते सांगितले पाहिजे.

६

या विषयाच्या अभ्यासाला भक्कम पाया आहे. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या आरंभाचा इतिहास १९५८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला; बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा बहुखंडी अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्याने कागदपत्रे दिली, दुसऱ्याने अक्षरांची मोजदाद दिली. या दोन्हींवर उभे राहून आता तिसरी चौकशी होणे इष्ट आहे. कोणते रूप कोणाच्या सोयीने ठरले, कोणाच्या श्रमाने टिकले आणि कोणाच्या नकाराने बाद झाले, अशी ती चौकशी असावी. तिच्यासाठी लागणारी साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. खिळ्यांचे छापखाने बंद पडले. शिशाचे खिळे वितळवून विकले गेले. ओतशाळांचे नमुनेग्रंथ रद्दीत गेले. हाताने जुळणी केलेले जुळारी आता वृद्ध आहेत.

विद्यापीठीय संशोधनात मजकुराची पाठचिकित्सा ही मान्यताप्राप्त शाखा आहे. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांतील शब्दभेद टिपणारा अभ्यासक त्याच आवृत्त्यांतील खिळा, समास, चौकट आणि जोडाक्षरांची घडण यांची नोंद सहसा करीत नाही. ती केली तर ग्रंथ कोणत्या वाचकासाठी, किती खर्चात आणि कोणत्या हातांनी तयार झाला याचा बराच उलगडा त्या पानावरच होईल. ख्रिस्तपुराणाच्या मराठी ओव्या रोमन लिपीत का उभ्या आहेत, याचे उत्तर स्टीफन्स यांनी स्वतः लिहून ठेवले होते म्हणून मिळाले. बहुतेक पानांच्या बाबतीत असे पत्र कोणी लिहिलेले नाही. तेथे खिळा हेच पत्र आहे, आणि ज्या जुळाऱ्यांना ते वाचता येते त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम प्रथम हाती घेतले पाहिजे.